वेगळ्या पद्धतीने थंड होणारा ट्रान्सफॉर्मर : तो बनवणारा कारखाना कसा शोधावा

भोसरी, चाकण किंवा रांजणगाव येथील एखाद्या कारखान्याला हजार केव्हीए क्षमतेचा साधा, रेडिएटर लावलेला तेलाचा ट्रान्सफॉर्मर हवा असेल, तर दोन दिवसांत चार कोटेशने हाती येतात. तोच कारखाना जेव्हा पाण्याने थंड होणारा भट्टीचा ट्रान्सफॉर्मर, तळघरात बसवायचा एस्टर (सहज पेट न घेणाऱ्या) तेलाचा ट्रान्सफॉर्मर किंवा बंद पेटीत पाण्याचा कूलर लावलेला कोरडा ट्रान्सफॉर्मर शोधायला निघतो, तेव्हा इंटरनेटवर शेकडो नावे दिसतात, फोन उचलणारा प्रत्येक जण ‘हो, बनवतो’ म्हणतो आणि तीन आठवडे गेल्यावर लक्षात येते की त्यांतल्या एकानेही असे यंत्र आजवर बनवलेले नाही. एका विक्रेत्याने तर मला अगदी प्रामाणिकपणे विचारले होते, “साहेब, वॉटर-कूल्ड म्हणजे रेडिएटरवर पाणी मारायचं ना?”

पुणे परिसरातील फाउंड्रींसाठी अशी खरेदी काही वेळा केल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. ट्रान्सफॉर्मर बनवणारा शोधत बसण्यापेक्षा, आपल्याला हवा तसा ट्रान्सफॉर्मर आज कुठे चालू आहे ते शोधावे आणि तेथून मागे चालत जाऊन त्याच्या बनवणाऱ्यापर्यंत पोहोचावे. मात्र हा माग काढण्यापूर्वी आपल्याला नेमके काय हवे आहे, ते कागदावर उतरलेले असले पाहिजे. बहुतेकांची पंचाईत तेथेच होते, आणि माझीही झाली होती.

आधी उष्णतेचा कागद

ट्रान्सफॉर्मरची चौकशी पाठवताना आपण केव्हीए, व्होल्टेज आणि व्हेक्टर ग्रुप (वाइंडिंगच्या जोडणीचा प्रकार) लिहितो आणि ‘कूलिंग’ या रकान्यात चार अक्षरे टाकून मोकळे होतो. ही चार अक्षरे नीट वाचली तर अर्धे काम होते. पहिले अक्षर वाइंडिंगला, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांना, टेकलेला पदार्थ सांगते. ‘ओ’ म्हणजे खनिज तेल किंवा ३०० अंश सेल्सिअसपर्यंत ज्वलनबिंदू (ज्या तापमानाला द्रव पेट धरून जळत राहतो) असलेला द्रव, ‘के’ म्हणजे ३०० अंशांहून अधिक ज्वलनबिंदू असलेला द्रव, आणि ‘एल’ म्हणजे मोजता येण्याजोगा ज्वलनबिंदूच नसलेला द्रव. दुसरे अक्षर तो द्रव आत कसा फिरतो ते सांगते. ‘एन’ असेल तर तो तापून आपोआप वर जातो. ‘एफ’ असेल तर पंप त्याला कूलरमधून फिरवतो, पण वाइंडिंगच्या आत तो स्वतःच्या वाटेने जातो. ‘डी’ असेल तर पंपाने ढकललेला द्रव मुद्दाम वाइंडिंगच्या आत नेलेला असतो. तिसरे अक्षर बाहेरचे माध्यम, म्हणजे हवा (‘ए’) की पाणी (‘डब्ल्यू’), आणि चौथे ते माध्यम कसे फिरते ते दाखवते. त्यामुळे ओएनएएन म्हणजे आपला नेहमीचा ट्रान्सफॉर्मर, ओएफडब्ल्यूएफ म्हणजे पंपाने फिरणारे तेल आणि पंपाने फिरणारे पाणी, आणि केएनएएन म्हणजे एस्टर भरलेला पण साध्या रेडिएटरचा ट्रान्सफॉर्मर.

यातील ‘एफ’ आणि ‘डी’ यांच्यातला फरक हा बनवणारा ओळखण्याचा चांगला मार्ग आहे. ओडीडब्ल्यूएफ मागितल्यावर जो वाइंडिंगमधल्या तेलाच्या वाटा, अडसर आणि प्रवाहाचा वेग यांविषयी बोलू लागतो, त्याने ते काम केलेले असते. जो फक्त मोठा पंप लावू म्हणतो, त्याने केलेले नसते.

अक्षरांच्या पुढे जाऊन उष्णतेचे आकडे लिहावेत. समजा, इंडक्शन भट्टीच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भारावरील एकूण तोटा, म्हणजे उष्णता होऊन वाया जाणारी वीज, ४० किलोवॅट आहे. ही सगळी उष्णता पाण्याने न्यायची आणि पाणी कूलरमध्ये ५ अंशांनीच तापू द्यायचे, तर सेकंदाला सुमारे १.९ लिटर, म्हणजे तासाला जवळजवळ सात हजार लिटर पाणी फिरले पाहिजे. आपल्या कूलिंग टॉवरवर भट्टीची कॉइल आणि पॉवर सप्लाय यांचा भार आधीच असेल, तर एवढे पाणी उरते का, हा हिशेब चौकशी पाठवण्याआधीच करावा लागतो.

त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे पाण्याचे आत येतानाचे तापमान. आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आयईसी ६००७६ च्या दुसऱ्या भागात, खरेदीदाराने काही वेगळे सांगितले नसेल तर पाणी जास्तीत जास्त २५ अंशांचे धरलेले आहे. कूलिंग टॉवरचे पाणी हवेच्या ‘वेट बल्ब’ तापमानापेक्षा (ओले कापड गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्यापेक्षा) तीन ते पाच अंश वरच राहते, त्यामुळे पुण्यात मे आणि जूनमध्ये टॉवरखालच्या टाकीत ३० ते ३२ अंशांचे पाणी मिळाले तरी समाधान मानावे. भोसरीतल्या एका फाउंड्रीसाठी मी केलेल्या चौकशीत हा रकाना कोरा राहिला होता. बनवणाऱ्याने प्रामाणिकपणे २५ लिहिले, डिसेंबरात चाचणी झाली, सगळे आकडे हमीच्या आत बसले. मे महिन्यात दुपारच्या पाळीत तेलाच्या तापमानाचा अलार्म रोज वाजू लागला आणि भट्टीचा भार उतरवावा लागला. कागदोपत्री बनवणाऱ्याची काहीच चूक नव्हती. सात अंशांचा तो फरक आम्हीच त्याला सांगितला नव्हता.

सात अंश म्हणजे किती, हे समजायला एक ढोबळ नियम पुरतो. साध्या कागदाचे इन्सुलेशन सर्वांत तापलेल्या ठिकाणी ९८ अंशांवर ज्या वेगाने जुने होते, तो वेग त्यापुढच्या प्रत्येक सहा अंशांना दुप्पट होत जातो.

कागदावर आणखी काही गोष्टी असाव्यात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक भागात महावितरणचा पुरवठा अनेक ठिकाणी २२ केव्हीचा आहे. बाहेरच्या राज्यातले बनवणारे ११ किंवा ३३ गृहीत धरतात आणि बुशिंग, टॅप चेंजर सगळेच त्या हिशेबाने धरतात, म्हणून व्होल्टेज ठळक लिहावे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि मानके १,००० मीटरपर्यंत उंचीसाठी क्षमतेत दुरुस्ती मागत नाहीत, त्यामुळे उंचीचा मुद्दा आपल्याला लागू होत नाही. तरीही कोणी उंचीचे कारण सांगून क्षमता वाढवायला सुचवत असेल, तर तो काय विकतो आहे ते ओळखावे. रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारे यंत्र) किंवा ड्राइव्हचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राचा) भार असेल तर हार्मोनिक, म्हणजे पन्नास हर्ट्झच्या पटीतल्या, प्रवाहांचा तक्ता जोडावा, कारण ते प्रवाह वाइंडिंगमध्ये जास्तीची उष्णता निर्माण करतात आणि ‘कन्व्हर्टर ड्यूटी’ हा शब्द तेवढ्यासाठीच असतो. पाण्याचा कडकपणा, क्लोराइड आणि एकूण विरघळलेले क्षार यांचा प्रयोगशाळेचा अहवालही जोडावा. बोअरचे पाणी वापरणाऱ्या कारखान्यांत कूलरच्या नळ्यांवर जो पांढरा थर बसतो, तो उत्तम डिझाइनलाही दोन उन्हाळ्यांत निकामी करतो.

खरेच हवे आहे का?

हा प्रश्न स्वतःला एकदा विचारावा. फाउंड्रीच्या शेडबाहेर मोकळी जागा असेल आणि भिंतीच्या पलीकडे साधा ओएनएएन किंवा पंखे लावलेला ओएनएएफ बसत असेल, तर पाण्याच्या भानगडीत पडू नये. तळघरात किंवा गर्दीच्या इमारतीत ट्रान्सफॉर्मर ठेवायचा असेल, तर कोरडा, रेझिनमध्ये ओतलेला ट्रान्सफॉर्मर बाजारात सहज मिळतो. धूळ, ओल किंवा लोखंडाचा बारीक भुगा असलेल्या जागी मात्र तो उघडा टिकत नाही, आणि मग एस्टर किंवा बंद पेटीचा विचार सुरू होतो. खनिज तेल साधारण १६० ते १७० अंशांवर पेट धरून जळत राहते, तर एस्टर तेलांचा ज्वलनबिंदू ३०० अंशांच्या वर असतो. आगीच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. पण ४० अंशांवर खनिज तेलाची स्निग्धता साधारण १० सेंटिस्टोकच्या आसपास असते, तर कृत्रिम एस्टरची २८ च्या आणि वनस्पतिजन्य एस्टरची ३५ च्या आसपास. घट्ट तेल हळू फिरते. जो कारखाना ‘तोच ट्रान्सफॉर्मर, फक्त तेल बदलून देतो’ म्हणतो, त्याने वाइंडिंगमधल्या वाटा रुंद केल्या आहेत का आणि रेडिएटर वाढवले आहेत का, हे विचारावे.

नाव नव्हे, माग

आता शोध. सर्वांत जवळचा माग भट्टी किंवा रेक्टिफायर पुरवणाऱ्याकडून मिळतो. इंडक्शन भट्टी बनवणाऱ्या कंपन्या ट्रान्सफॉर्मर बहुधा बाहेरून घेतात किंवा आपल्याच समूहात बनवतात, आणि कोणाचे यंत्र त्यांच्या भट्टीमागे कुरकुर न करता चालते, हे त्यांच्या सर्व्हिस इंजिनियरला पाठ असते. विक्री विभागाला विचारू नये. सर्व्हिसच्या माणसाला, शक्यतो तो भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर चहा पीत असताना, विचारावे.

दुसरा माग नेमप्लेटचा. जालन्याच्या स्टील मिल, कोल्हापूरच्या शिरोली व गोकुळ शिरगावच्या फाउंड्री, कुरकुंभचे रासायनिक कारखाने, कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचे प्रकल्प, भूमिगत जलविद्युत केंद्रे, या सगळ्या ठिकाणी पाण्याने किंवा पंपाने थंड होणारे ट्रान्सफॉर्मर वर्षानुवर्षे चालत आले आहेत. ओळखीने आत जाता आले तर नेमप्लेटचा फोटो घ्यावा. त्यावर बनवणाऱ्याचे नाव, वर्ष, कूलिंगची अक्षरे, तापमानवाढ, तेलाचे वजन, सगळे एका पत्र्यावर असते. वर्ष विशेष पाहावे. पंधरा वर्षांपूर्वीचा पत्रा त्या काळचे डिझाइनर सांगतो. ते आज त्याच कारखान्यात आहेत की नाहीत, ते वेगळे विचारावे लागते. मेंटेनन्स विभागाकडे तेलाच्या चाचण्यांची वही असतेच. पाण्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात ओलावा वाढत गेलेला दिसला, तर कूलर कोणाचा होता हेही लिहून घ्यावे.

तिसरा माग दुरुस्ती करणाऱ्यांचा, आणि तो मला सर्वांत भरवशाचा वाटतो. पुणे परिसरात ट्रान्सफॉर्मर रिवाइंड करणारी वर्कशॉप आहेत. त्यांच्या अंगणात उघडून ठेवलेला ट्रान्सफॉर्मर पाहिला की कोणत्या बनवणाऱ्याने तांब्याची किती बचत केली, स्पेसर किती बसवले, तेलाच्या वाटा कुठे चेपल्या, हे उघड्या डोळ्यांनी दिसते. असा मिस्त्री दोन-तीन नावे सांगतो आणि एखाद्या नावावर नुसता हसतो. ते हसणेही नोंदवून ठेवावे.

चौथा माग सुट्या भागांचा. तेल-पाणी कूलर, विशेषतः दुहेरी नळीचे (नळीत नळी असलेले), बनवणारे कारखाने कमी आहेत. तेलाचे ग्लँड नसलेले पंप पुरवणारे त्याहून कमी. ते आपला माल कोणत्या ट्रान्सफॉर्मर कंपन्यांना देतात, हे सहसा लपवत नाहीत. एस्टरच्या बाबतीत तर द्रव पुरवणाऱ्यालाच विचारावे. एफआर-३ किंवा मिडेल या नावाने विकले जाणारे एस्टर, तसेच भारतीय तेल कंपन्यांचे एस्टर, ज्या कारखान्यांनी भरले आहेत त्यांची यादी त्या पुरवठादारांकडे असते, आणि कोणत्या कारखान्याने स्वतंत्र टाकी व फिल्टर मशीन ठेवले आहे हेही त्यांनाच ठाऊक असते.

पाचवा माग सार्वजनिक निविदांचा. सरकारी पोलाद प्रकल्प, रेल्वे, वीजनिर्मिती कंपन्या यांच्या निविदांचे निकाल केंद्राच्या खरेदी पोर्टलवर पाहता येतात. ‘फर्नेस’, ‘रेक्टिफायर’, ‘ओएफडब्ल्यूएफ’ असे शब्द टाकून निकाल चाळले की कोणाला काम मिळाले ते कळते, आणि तांत्रिक तपासणीत कोण बाद झाले हेही कधी कधी कळते. आयात-निर्यातीची आकडेवारी विकत घेण्याची ऐपत असेल, तर ८५०४ या सीमाशुल्क शीर्षकाखालील उपशीर्षके पाहावीत: द्रवात बुडालेल्या ट्रान्सफॉर्मरसाठी ६५० केव्हीएपर्यंत ८५०४२१, त्यापुढे १०,००० केव्हीएपर्यंत ८५०४२२ आणि त्याहून मोठ्यांसाठी ८५०४२३.

या सगळ्यानंतर संघटनांकडे वळावे. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या ‘इमा’ या विद्युत उपकरण उत्पादकांच्या संघटनेची सदस्ययादी आणि तिचे ‘इलेक्रामा’ प्रदर्शन, ट्रान्सफॉर्मर उत्पादकांची स्वतंत्र संघटना, आणि पुण्यातली मराठा चेंबर, ही ठिकाणे नाव पडताळायला चांगली आहेत. पहिले नाव तेथे शोधण्यात वेळ जातो. पुण्याची तपकीर गल्ली स्विचपासून केबलपर्यंत सगळे देते, पण या कामासाठी तेथे गेलात तर एजंटच भेटेल.

भारतात भट्टी आणि रेक्टिफायरच्या ट्रान्सफॉर्मरांसाठी गुजरातचा पट्टा प्रसिद्ध आहे. अहमदाबादजवळची ‘ट्रान्सफॉर्मर्स अँड रेक्टिफायर्स’ ही कंपनी नावातच आपला व्यवसाय सांगते. बडोद्याची ‘व्होल्टॅम्प’ तेलाचे आणि रेझिनचे असे दोन्ही ट्रान्सफॉर्मर बनवते. नवी मुंबईत ऐरोलीला ‘भारत बिजली’ आहे. परदेशात इटलीची ‘टॅमिनी’ भट्टीच्या ट्रान्सफॉर्मरांसाठी ओळखली जाते. ही नावे शिफारस म्हणून घेऊ नयेत. मोठ्या कंपनीला तुमचे तीन एमव्हीएचे एक नग पुढच्या वर्षी करायचे असेल आणि मध्यम कारखान्याला ते या तिमाहीत हवे असेल, असे अनेकदा घडते. म्हणून मोठे एक आणि मध्यम तीन अशा चार ठिकाणी चौकशी पाठवणे मला योग्य वाटते.

व्यापारी वेगळा काढणे

ऑनलाइन यादीतून आलेल्या नावाची पहिली छाननी घरबसल्या होते. जीएसटीच्या पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकला की व्यवसायाचे स्वरूप दिसते. तेथे ‘उत्पादक’ नसून ‘व्यापारी’ असेल, तर तो माणूस वाईट नसतो, पण त्याच्याशी तांत्रिक चर्चा करण्यात अर्थ नसतो. आयएस ११८० चा बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) परवाना पाहून भुलू नये. ते २५०० केव्हीए आणि ३३ केव्हीपर्यंतच्या वितरण ट्रान्सफॉर्मरांचे मानक आहे. तो परवाना कारखाना चालू असल्याचे सांगतो, ओडीडब्ल्यूएफ बनवता येते असे सांगत नाही. आपल्या कामाला लागणारी मानके म्हणजे मुख्यतः आयएस २०२६ मालिका, कन्व्हर्टरसाठी आयईसी ६१३७८, कोरड्यासाठी आयएस २०२६ चाच अकरावा भाग (पूर्वी आयएस १११७१). ती चौकशीत नाव घेऊन लिहावीत.

पहिल्या पत्रात पाच-सहाच प्रश्न विचारावेत, पण उत्तर टाळता येणार नाही असे. याच कूलिंगचे, याच्या निम्म्याहून मोठे यंत्र तुम्ही केव्हा आणि कोणाला दिले? त्या ग्राहकाशी आम्हांला बोलता येईल का? कूलर कोणाचा, नळ्या कोणत्या धातूच्या? हीट रन चाचणी (यंत्र तापवून तापमानवाढ मोजण्याची चाचणी) पूर्ण तोट्यावर तुमच्याच बेवर, म्हणजे चाचणीच्या जागेवर, होते की बाहेर? थर्मल डिझाइन कोण करते, ती व्यक्ती तुमच्या पगारावर आहे की सल्लागार आहे? शेवटच्या प्रश्नाने काही जण दुखावतात. विचारावाच.

कारखान्यात एक दिवस

चारांपैकी दोघांकडे प्रत्यक्ष जावे. रात्रीची गाडी पकडून बडोद्याला जाणे आणि दुसऱ्या रात्री परतणे पुण्याहून थोडे दमवणारे आहे, पण लाखो रुपयांच्या यंत्रासाठी ते कष्ट कमी आहेत. कॉन्फरन्स रूममधले प्रेझेंटेशन शक्य तेवढे लहान करून घ्यावे आणि तीन जागा पाहाव्यात.

पहिली, वाइंडिंगची जागा. तेथे धूळ किती, दरवाजे बंद असतात का, आणि एखादी डिस्क वाइंडिंग चालू असेल तर तिच्या चकत्यांमधल्या प्रेसबोर्डच्या स्पेसरांना हात लावून पाहावा. ते एका रेषेत उभे बसलेले असतील तर तेलाला वर जायला सरळ वाट मिळते. एखादा तिरका असेल तर ती वाट तेवढी अरुंद होते, आणि ‘डी’ कूलिंगमध्ये याचीच किंमत मोजावी लागते. दुसरी, कोअरची (वाइंडिंगच्या आतल्या पोलादी गाभ्याची) जागा. सीआरजीओ, म्हणजे कोअरसाठीच्या खास पोलादी, पत्र्याच्या गुंडाळ्यांवरची लेबले आणि मिलची प्रमाणपत्रे मागावीत. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून काढलेला पत्रा पुन्हा कापून वापरण्याची वाईट प्रथा या धंद्यात आहे. अशा पत्र्याच्या कडांना गंज आणि जुन्या भोकांच्या खुणा दिसतात, आणि त्या कोअरचा तोटा ट्रान्सफॉर्मरला भार नसतानाही चोवीस तास तापवत राहतो.

तिसरी, चाचणीचा बे. पाण्याच्या ट्रान्सफॉर्मरसाठी येथे पाण्याचा पंप, फ्लो मीटर, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचे थर्मामीटर आणि तासाला सात हजार लिटर फिरवून थंड करण्याची व्यवस्था दिसली पाहिजे. कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला बागेचा पाइप दाखवून ‘याने करतो’ म्हणणारा कारखाना मी पाहिला आहे. कामगार चांगले होते, वाइंडिंग नीट होते, पण तेथे ओएफडब्ल्यूएफची हीट रन झालेली नव्हती हे त्या पाइपनेच सांगितले. ज्यांच्याकडे स्वतःची सोय नाही, त्यांनी बडोद्याच्या ‘एर्डा’ किंवा केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेच्या, म्हणजे सीपीआरआयच्या, बंगळूर वा भोपाळ येथील प्रयोगशाळेत चाचणी करून द्यावी, असे मान्य करता येते. मात्र खर्च आणि दिवस कोणाचे, ते आधी ठरवावे.

कोटेशन वाचताना

किमतीच्या आकड्याआधी तोट्यांचे आकडे वाचावेत. स्वस्त यंत्राचा तोटा जास्त असेल, तर ती उष्णता बाहेर काढायला पाणी, पंप आणि वीजही जास्त लागते, आणि हा खर्च दर महिन्याला येतो. तापमानवाढ कोणत्या संदर्भावर दिली आहे ते पाहावे, म्हणजे हवेवर की आत येणाऱ्या पाण्यावर, आणि त्या पाण्याचे तापमान किती धरले आहे. तांबे आणि सीआरजीओच्या भावांप्रमाणे किंमत बदलण्याचे ‘इमा’चे सूत्र लावले असेल, तर त्याला वरची मर्यादा मागावी. कूलर एकच दिला असेल तर राखीव कूलरची वेगळी किंमत विचारावी. एक कूलर उघडून साफ करताना भट्टी बंद ठेवायची की दुसऱ्यावर चालवायची, याचे उत्तर त्या किमतीत असते.

पाण्याच्या कूलरमध्ये एक अट मी कधीच सोडत नाही. दुहेरी नळीचा कूलर आणि गळती सांगणारा अलार्म हवा, आणि कूलरमध्ये तेलाचा दाब सर्व वेळ पाण्याच्या दाबापेक्षा जास्त राहिला पाहिजे, पंप बंद असतानाही. नळी फुटलीच तर तेल पाण्यात जावे, पाणी तेलात जाऊ नये, एवढाच त्यामागचा हिशेब आहे. कूलिंग टॉवर दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर असेल आणि ट्रान्सफॉर्मर खाली, तर नुसत्या उंचीमुळे पाण्याचा दाब तेलापेक्षा वर जातो. ड्रॉइंगवर हे सहज निसटते, म्हणून टॉवरची उंची चौकशीतच लिहावी.

ऑर्डर, टप्पे आणि चाचणी

पैसे टप्प्यांत द्यावेत आणि प्रत्येक टप्प्याला पाहणी जोडावी. ड्रॉइंग मंजूर करताना थर्मल गणनेची प्रत मागावी. पूर्ण सूत्रे देणार नाहीत, पण तोटे, तेलाचा प्रवाह, कूलरची क्षमता आणि सर्वांत तापलेल्या जागेचे अपेक्षित तापमान असलेला एक पानाचा तक्ता द्यायला हरकत नसते. दुसरी पाहणी कोअर आणि कॉइल टाकीत उतरवण्याआधी करावी. टाकी बंद झाल्यावर आतले काहीच दिसत नाही, आणि रवाना करण्याच्या घाईत हीच भेट रद्द करायची विनंती येते.

हीट रन चाचणीला स्वतः उभे राहावे. ती बारा तास किंवा जास्तही चालते, तेल स्थिर होईपर्यंत थांबावे लागते, आणि मग वीज तोडल्यावर पहिल्या मिनिटांत वाइंडिंगचा रोध मोजून त्यावरून तापमान काढतात. थर्मामीटर कोणत्या नळीवर बांधले आहेत ते पाहून घ्यावे. चाचणीच्या दिवशी पाणी २० अंशांचे असेल, तर अहवालात ‘३२ अंशांच्या पाण्यावर तेलाचे तापमान’ हा आकडा वेगळा काढून लिहून घ्यावा. त्या एका ओळीमुळे पुढचे भांडण टळते. हार्मोनिकचा भार असेल, तर चाचणीत तोटा त्या हिशेबाने वाढवून धरला आहे का, हे विचारावे. नुसत्या पन्नास हर्ट्झच्या साध्या प्रवाहावर पास झालेला ट्रान्सफॉर्मर बारा पल्सच्या रेक्टिफायरमागे वेगळा वागतो.

पुण्यात उतरल्यावर

ट्रान्सफॉर्मर चार्ज करण्याआधी राज्याच्या विद्युत निरीक्षकांची परवानगी लागते, आणि २,००० लिटरपेक्षा जास्त तेल असेल तर तेल झिरपून साठण्याचा खड्डा व आगीची व्यवस्था यांचे नियम लागू होतात. ही कागदपत्रे बनवणाऱ्याकडून आलेल्या तेलाच्या वजनावरच अवलंबून असतात, म्हणून ती ड्रॉइंग मंजूर होतानाच सुरू करावीत.

कूलरची पाण्याची बाजू जोडण्याआधी पाइपलाइन धुऊन घ्यावी. आमच्याकडे एकदा वेल्डिंगचा कचरा नव्या कूलरच्या पहिल्या चाळणीतच अडकला आणि फ्लो स्विचने पहिल्याच दिवशी भट्टी बंद पाडली. सगळे ट्रान्सफॉर्मरला दोष देत होते. चाळणी उघडल्यावर तिच्यात मूठभर इलेक्ट्रोडचे तुकडे आणि एक नट निघाला.

वॉरंटीच्या काळात एक वही ठेवावी. त्यात दुपारी तीनच्या सुमारास आत येणाऱ्या पाण्याचे तापमान, बाहेर जाणाऱ्या पाण्याचे तापमान, फ्लो, वरच्या तेलाचे तापमान आणि त्या वेळचा भार असे पाच आकडे रोज लिहावेत. तोच भार आणि तोच फ्लो असताना पाणी आणि तेल यांच्या तापमानातील फरक महिन्यागणिक वाढत गेला, तर नळ्यांवर थर बसतो आहे. फरक तसाच राहून दोन्ही आकडे एकत्र वर गेले, तर टॉवर कमी पडतो आहे. पहिल्या मे महिन्याचे असे तीस दिवसांचे पान बनवणाऱ्याला ईमेलने पाठवावे, आणि हमीचा आकडा ओलांडला गेला असेल तर जूनमध्ये पाऊस पडून पाणी थंड होण्याआधीच त्यांच्या माणसाला जागेवर बोलवावे.